घाटावर, घाटाखाली

पावसाळ्याच्या दिवसांत बुलढाणा जिल्ह्यातलं कुठलंही स्थानिक वर्तमानपत्र उघडा. घाटाखाली पावसाने ओढ दिली, घाटावर पेरण्या आटोपल्या, अशा धाटणीची बातमी हमखास सापडते. निवडणूक असो, पीकविमा असो की सोयरीक असो, जिल्ह्याचे तेरा तालुके आधी या एका रेषेने वाटले जातात आणि मग पुढचं बोलणं होतं. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा. घाटाखाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. बाहेरचा माणूस ही विभागणी ऐकून नकाशात ‘घाट’ शोधू लागला, तर त्याला त्या नावाचा डोंगर मिळणार नाही. डोंगर आहे तो अजिंठ्याच्या रांगेचा. घाट म्हणजे त्या डोंगराच्या कडेवरून खाली उतरायची वाट, आणि ती वाट जिथे आहे ती कड.

हाच शब्द इंग्रजीतही आहे. भारताबद्दल काही लिहायचं तर इंग्रजी लेखकाला तो टाळता येत नाही, आणि इंग्रजी शब्दकोश त्याला बहुधा तीन अर्थ देतात. पहिला, नदीत किंवा तळ्यात उतरण्यासाठी बांधलेल्या पायऱ्या. दुसरा, डोंगरातली चढउताराची वाट, खिंड. तिसऱ्या अर्थासाठी पहिलं अक्षर मोठ्या लिपीत लिहायचं आणि शब्द अनेकवचनी करायचा. मग तो भारताच्या पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांना समांतर गेलेल्या पर्वतरांगांचं नाव होतो. यातले पहिले दोन अर्थ आपलेच. तिसरा आपला नव्हता. तो एका गैरसमजातून जन्मला, पुस्तकांत रुजला आणि शाळेच्या भूगोलातून ‘पश्चिम घाट’ होऊन आपल्याकडे परत आला. हा गैरसमज कसा झाला असेल, हे समजून घ्यायला पुण्या-मुंबईपेक्षा बुलढाणा बरा. इथे घाटाचा जुना अर्थ अजून रोजच्या बोलण्यात जिवंत आहे.

बुलढाणा शहराच्या जवळच देऊळघाट नावाचं मोठं गाव आहे, पैनगंगेच्या काठी. जुन्या इंग्रजी कागदांत ते ‘देवलघाट’ म्हणून येतं. देऊळ तर कळलं, घाट कुठला? नदी गावाला लागून आहे, म्हणून नदीचा घाट म्हणता येतो. गावापासून उत्तरेला थोड्याच अंतरावर पठार संपतं आणि मोताळा-मलकापूरकडे उतरणारी डोंगरकड सुरू होते, म्हणून डोंगराचा घाटही म्हणता येतो. शब्दकोशातले पहिले दोन अर्थ एकाच गावाला लागू पडतात, आणि त्यात नवल काही नाही. मुळात तो एकच अर्थ आहे.

संस्कृतात ‘घट्ट’ असा शब्द आहे, अर्थ उतारू उतरण्याची किंवा स्नानाची जागा. त्याचा मराठी ‘घाट’ झाला तो ठरलेल्या नियमाने: जोडाक्षरातलं एक व्यंजन गळतं आणि आधीचा स्वर लांबतो. सप्तचं सत्त आणि मग सात, हस्तचं हत्थ आणि मग हात, कर्मचं कम्म आणि मग काम, तसंच घट्टचं घाट. हिंदी, गुजराती, बंगालीतही शब्द जवळपास याच रूपात आहे. संस्कृतात मात्र हा शब्द फार जुना वाटत नाही, आणि कन्नडमध्ये ‘घट्ट’ किंवा ‘गट्ट’ म्हणजे डोंगराची कड, बांध. बांधणे या अर्थाच्या ‘कट्टु’ या द्राविडी धातूशी त्याचं नातं जोडणारे अभ्यासक आहेत. मला हे पटण्याजोगं वाटतं, कारण डोंगराचा अर्थ जसजसं दक्षिणेकडे जावं तसतसा पक्का होत जातो आणि नदीचा अर्थ उत्तरेकडे. काशीच्या माणसाला घाट म्हटलं की गंगेच्या पायऱ्या दिसतात. साताऱ्याच्या माणसाला खंबाटकी दिसतो. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये बसलेला, म्हणून आपल्याकडे वाईचा कृष्णेवरचा घाटही आहे आणि वाईहून पाचगणीला चढताना लागणारा पसरणीचा घाटही. एकाच तालुक्यात दोन्ही, आणि ऐकणाऱ्याचा कधी गोंधळ होत नाही.

दोन्ही ठिकाणी गोष्ट एकच आहे: वरून खाली उतरता येईल अशी जागा. नदीचा काठ सगळीकडे उतरण्याजोगा नसतो. दरड असते, चिखल असतो. जिथे पायाला आधार मिळतो, तिथे माणसं उतरतात, गुरं उतरतात, नावा लागतात आणि पुढे कोणी पुण्यवान पायऱ्या बांधून देतो. डोंगराची कडही सगळीकडून उतरता येत नाही. पाण्याने कापलेली एखादी घळ सापडते, तिच्यातून बैल उतरू शकतो, आणि ती वाट होते. घाट हे त्या उतरण्याचं नाव आहे. नदीचंही नाही आणि डोंगराचंही नाही. म्हणून मराठीत घाट चढतात, उतरतात, घाट लागतो, घाट संपतो. डोंगर संपतो असं आपण क्वचितच म्हणतो.

याच रूपाचे मराठीत आणखी शब्द आहेत, ते बाजूला ठेवलेले बरे. दागिन्याचा किंवा भांड्याचा घाट, म्हणजे घडण, हा घडणे आणि घटना यांच्या कुळातला. लग्नाचा किंवा सहलीचा घाट घालतात तोही तिकडचाच, मनात काहीतरी घडवणं. आणि घाटावरच्या शेतकऱ्याला हिवाळ्यात जे घाटे दिसतात ते हरभऱ्याचे. त्याची खरी काळजी घाटेअळीची असते. या अळीचा घाटाशी काही संबंध नाही, तरी बुलढाण्याच्या कृषी वार्तापत्रात ‘घाटावर घाटेअळी’ असा मथळा आला, तर तो शब्दशः खरा असू शकतो.

आता वऱ्हाडाकडे. मुसलमानी अमलात इथल्या मुलखाची नावं फारसीत पडली. ‘बाला’ म्हणजे वर, ‘पाईन’ म्हणजे खाली. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख, पाईनघाट म्हणजे घाटाखालचा. अर्धा फारसी, अर्धा देशी असा हा जोडशब्द, आणि लोकांनी तो पायनघाट असा करून टाकला. मराठी कानाला त्यात पाय ऐकू येतो, तोही अर्थ चुकत नाही. उत्तरेला सातपुड्याचा भाग मेळघाट. १८७० साली आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडचं गॅझेटियर तयार केलं, तेव्हाही प्रांताचं वर्णन पायनघाट, बालाघाट आणि मेळघाट अशा तीन पट्ट्यांतच होत होतं. म्हणजे सबंध वऱ्हाड घाटाच्या मापाने मोजलेलं. मधली पूर्णेची सपाट खोरी पायनघाट, तिच्या दक्षिणेचं पठार बालाघाट, उत्तरेचे डोंगर मेळघाट. मधला सपाट भागसुद्धा घाटाच्या नावाने ओळखला जातो, कारण तो कशाच्या तरी खाली आहे.

डोंगराला नाव नव्हतं म्हणून लोक ‘घाट’ म्हणत होते, असं नाही. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना दोन डोंगरांची नावं दिली आहेत. ज्यावर गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले आहेत तो एक, आणि ज्यावर माहूर आहे तो दुसरा. या दुसऱ्याचं नाव तो ‘सह्या’ असं देतो. आपला सह्य, सह्याद्री. अजिंठ्याची रांग आणि तिचा पूर्वेकडचा विस्तार सोळाव्या शतकातही सह्यच होता. डोंगराचं नाव सह्य, त्यातल्या वाटेचं नाव घाट. दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळे शब्द, आणि चारशे वर्षांपूर्वी तरी कोणाचा त्यात घोळ नव्हता.

घोळ समुद्रावरून आला. पोर्तुगीज गोव्यात आणि कोकणात उतरले तेव्हा त्यांच्यासमोर पूर्वेला एक भिंतीसारखी रांग होती आणि स्थानिक माणूस बोलताना सतत ‘घाटावर’ म्हणत होता. माल घाटावरून येतो, बैल घाटावर गेले, सुलतानाची फौज घाटावर आहे. ऐकणाऱ्याने समोरच्या डोंगराकडे बघितलं आणि ताडलं की याचंच नाव घाट. जुआंव द बारूश या पोर्तुगीज इतिहासकाराने १५५३ मध्ये लिहून ठेवलं की या रांगेला खास नाव नाही, तिथले लोक तिला सरसकट ‘गाते’ म्हणतात आणि त्याचा अर्थ पर्वतरांग. बारूश हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. लिस्बनमध्ये हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी सांभाळताना हाती येणाऱ्या कागदांवरून त्याने आपला ग्रंथ रचला. त्याच्या दहा वर्षांनंतर, १५६३ मध्ये, गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या वनौषधींवरच्या ग्रंथात बालाघाट येतो. ऑर्ता अहमदनगरच्या निजामशहाकडे वैद्य म्हणून जात असे, म्हणजे त्याने घाट पायाखाली घातले होते. पण युरोपभर वाचला गेला तो बारूशसारख्यांचा अर्थ, आणि पुढच्या नकाशांवर ‘गाते’ हे डोंगराचं नाव होऊन बसलं.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी हा वारसा उचलला. त्यांच्या लिखाणात शब्दाची रूपं कितीतरी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्वांत जास्त चालणारं रूप म्हणजे ‘घॉट’ असा उच्चार सुचवणारं. आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८०३ च्या पावसाळ्यानंतर याच मुलखात होता. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, ऑक्टोबरमध्ये त्याची फौज अजिंठ्याचा घाट उतरली, आणि २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेला अडगावची लढाई झाली. त्याच्या पत्रांत ‘घॉट’ पानोपानी आहे, आणि तो जवळजवळ नेहमी खऱ्या अर्थाने: तोफा कोणत्या घाटाने उतरतील, शत्रू कोणत्या घाटाने वर येईल, बैलांची दमछाक कुठे होईल. तोफा ओढणाऱ्याला डोंगर आणि घाट यांतला फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. तो फरक विसरला जातो तो नकाशावर.

चूक झाली हे इंग्रजांतल्याच जाणकारांनी ओळखलं होतं. १८८६ मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या देशी शब्दांचा हा कोश अजूनही वाचायला मजेदार आहे. त्यात घाटाचे तीन अर्थ क्रमाने दिले आहेत: नदीची उतरण, डोंगराची उतरण आणि मग रांगा. परकीयांनी ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ मुलूख असं बोलणं ऐकलं आणि ‘घाट’ हे डोंगराचंच विशेषनाम समजून घेतलं असावं, असा तर्कही कोशकारांनी केला आहे. हे वाचताना बुलढाण्याचा माणूस हसेल. तो रोज असंच बोलतो आणि कुठल्याही पाहुण्याचा अजून असाच समज होतो.

पूर्व घाटाची कथा तर आणखी उसनी. पश्चिमेला सलग उभी कड आहे, तिच्यामुळे गैरसमजाला निदान जागा होती. पूर्वेच्या टेकड्या तुटक, गोदावरी-कृष्णा-महानदीने कापलेल्या. पश्चिमेला घाट म्हणायचं ठरल्यावर समोरच्या किनाऱ्यालाही तेच नाव मिळालं, इतकंच.

घाट काय काय करतो, ते देऊळघाटच्या पंचक्रोशीत उभं राहून पाहावं. इथला दगड बेसॉल्ट, दख्खनच्या लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हाचे थर एकावर एक पसरले, कठीण थर टिकले, मऊ थर झिजले, आणि डोंगराच्या बाजूंना पायऱ्या पडल्या. भूशास्त्रात या खडकाला ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात, आणि यातला ट्रॅप सापळ्याचा नाही, तर स्वीडिश भाषेतल्या ‘ट्राप्पा’चा, अर्थ जिना. खडकाला जिना म्हणणारे स्वीडिश आणि नदीच्या जिन्याला घाट म्हणणारे आपण एकमेकांना ओळखत नव्हतो, पण या डोंगरावर दोघांचे शब्द एकत्र आले आहेत.

पठाराची उत्तर कड हा मोठा जलविभाजक आहे. पैनगंगा बुलढाणा तालुक्यातच, मढ गावाजवळच्या डोंगरात उगवते. कडेच्या इतकी जवळ असूनही ती खाली उडी मारत नाही. पाठ फिरवून आग्नेयेकडे निघते. देऊळघाटावरून, बुलढाणा शहराला पाणी पुरवणाऱ्या येळगाव धरणातून, मेहकरवरून पुढे ती वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता, ती गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. कडेच्या पलीकडे पडलेला पाऊस मात्र नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांतून पूर्णेला जातो. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. घाटाच्या माथ्यावर हाताच्या अंतरावर पडलेल्या दोन थेंबांची ताटातूट होते, एक कृष्णा-गोदावरीच्या किनाऱ्याला आणि दुसरा गुजरातेत. ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हा नुसता उंचीचा फरक नाही.

उंचीचा फरकही काही थोडा नाही. बुलढाणा सुमारे ६५० मीटरवर, मलकापूर-नांदुऱ्याची सपाटी अडीचशे-पावणेतीनशेच्या आसपास. दर हजार मीटरला साडेसहा अंश या साध्या हिशेबानेही वरची हवा खालच्यापेक्षा दोन-अडीच अंशांनी थंड असायला हवी. मे महिन्यात राजूर घाट उतरताना एसटीच्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात तो हिशेब जाणवतो. जिल्ह्याचं ठाणं इंग्रजी अमलात वर बुलढाण्यात राहिलं, त्यात हवेचा वाटा मोठा. माती वेगळी, पाणी वेगळं. घाटाखाली पूर्णेच्या गाळाची काळी, खोल जमीन, आणि त्यातल्या मोठ्या पट्ट्यात भूजल खारं. त्याला लोक खारपाणपट्टा म्हणतात. विहीर आहे, पाणी आहे, पण ते पिकालाही चालत नाही आणि पोटालाही नाही. घाटावर पाणी गोडं, पण मुरूम लवकर लागतो.

आणि रेल्वे. मुंबई-नागपूर लोहमार्ग एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातून टाकला गेला, तो खालून, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा. कापूस खाली होता, सपाटी खाली होती. जलंबहून खामगावच्या कापूसबाजाराला जोडणारा छोटा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. घाटावरच्या सहा तालुक्यांत आजही रेल्वे नाही. जिल्ह्याच्या ठाण्यालाही नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि तिच्या वाटेतही हाच घाट आहे. मुंबईजवळ बोरघाट १८६३ मध्ये आणि थळघाट १८६५ मध्ये रेल्वेने जिंकला, ३७ फुटांना १ फूट अशा चढाने, कारण वर पुणं होतं आणि कापसाचा सगळा देश होता. बुलढाण्यासाठी तेवढा खटाटोप कोणाला करावासा वाटला नाही. समृद्धी महामार्गाने मात्र २०२२ पासून उलटा न्याय केला. तो मेहकर, सिंदखेड राजाकडून, म्हणजे वरून गेला.

माणसंही घाटाने वाटली गेली. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला, त्यात कुणब्यांच्या पोटभेदांत ‘घाटोळे’ आहेत, म्हणजे घाटावर राहणारे. वऱ्हाडात हे नाव अजून चालतं आणि त्यात कमीपणा नाही. मुंबईत मात्र घाटावरून आलेला कामगार ‘घाटी’ झाला आणि तो शब्द शिवीच्या जवळ गेला. अर्थ तोच, घाटावरचा. फक्त बोलणारा खाली होता आणि स्वतःला वरचा समजत होता. शिवाय बुलढाण्यातल्या रुग्णाच्या नातेवाइकांना ‘घाटीत न्यावं लागेल’ असं सांगितलं की त्यांना तिसराच अर्थ कळतो, छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय. तिथे जायचं तर वाटेत उतरायचा घाट लागतही नाही.

घाट म्हणजे वाट, आणि वाट म्हटली की जकात आली. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जाणारा. घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, तो जकात टाकण्याचा म्हणून दाखवतात. कोकणातून येणारा प्रत्येक बैल तिथूनच जाणार. नाकं धरायला त्याहून सोयीची जागा कुठली? घाटपांडे हे आडनाव घाटावरच्या हिशेबाच्या वतनाची आठवण आहे. डोंगरावर कर बसवता येत नाही, घाटावर बसवता येतो. राज्यकर्त्याला हा फरक नीट कळत होता.

इंग्रजीत हा शब्द आज कसा वापरला जातो, त्यात एक विनोदी विभागणी आहे. परदेशी प्रवासी लेखकांच्या लिखाणात घाट म्हणजे काशी. पायऱ्या, आरती आणि चिता. मणिकर्णिकेमुळे ‘जळता घाट’ असा एक जोडशब्दच इंग्रजीत तयार झाला आहे आणि काही वाचकांना घाट म्हणजे स्मशानच वाटतं. निसर्गाच्या पुस्तकांत घाट म्हणजे बेडूक, ऑर्किड आणि पर्जन्यवन. भारतीय इंग्रजीत मात्र ‘घाट रोड’, ‘घाट सेक्शन’ असे शब्द आहेत आणि त्यांत जुना अर्थ शाबूत राहिला आहे. महामार्गावरचा ‘घाट सेक्शन सुरू’ हा फलक व्याकरणाच्या मास्तरांना खुपेल, पण अर्थाने तो बारूशपेक्षा बिनचूक आहे. इंग्रजाच्या तोंडी यातला ‘घ’ कधी बसला नाही; तो ‘गॉट’ किंवा ‘गाट’ म्हणतो. आणि हा उच्चार फार लांब पोचलेला दिसतो. कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट बेटावर डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या घळीला ‘गट’ म्हणतात, पण लिहिताना हिंदुस्थानी इंग्रजांचं ते जुनं ‘घॉट’चं स्पेलिंग वापरतात. रनअवे घॉट नावाचा झरा तिथे पाहुण्यांना दाखवतात. पाण्याने कापलेली, डोंगरावरून उतरणारी घळ हा अर्थ आपल्या घाटाच्या किती जवळचा आहे, हे त्या बेटावरच्या माणसाला सांगायला हवं.

दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांनी ही गोष्ट निरनिराळी हाताळली आहे. कन्नड बोलणारा किनाऱ्यावरचा माणूस ‘घट्टद मेले’ आणि ‘घट्टद केळगे’ म्हणतो, घाटाच्या वर आणि घाटाच्या खाली, थेट बुलढाण्यासारखं. तमिळमध्ये पश्चिम घाटाला ‘मेर्कु तोडर्च्चि मलै’ म्हणतात: पश्चिमेची सलग पर्वतरांग. त्यात घाटाचा मागमूस नाही. हा अनुवाद शब्दाला धरून नाही, वस्तूला धरून आहे, आणि माझ्या मते आपल्यापेक्षा शहाणपणाचा आहे. आपल्याकडे सह्याद्री हे नाव तयार होतं, पुराणांपासून चालत आलेलं; तरी पाठ्यपुस्तकांनी ‘पश्चिम घाट किंवा सह्याद्री’ असं लिहून दोघांना एका पंक्तीत बसवलं. हवामान खात्याच्या मराठी अंदाजातला ‘घाटमाथा’ हा शब्द त्यापेक्षा कितीतरी नेमका आहे. घाटाचा माथा असतो. रांगेचा असतो तो कणा.

‘पश्चिम घाट’ आता नुसता भूगोलातला शब्द राहिलेला नाही, त्याला सरकारी आणि आंतरराष्ट्रीय वजन आहे. तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटरची ही रांग. २०१२ मध्ये युनेस्कोने तिच्यातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये तिच्या संरक्षणाबद्दल अहवाल दिले. या सगळ्या कागदांत ‘घाट’ म्हणजे उत्तर-दक्षिण रांग. अजिंठ्याची पूर्व-पश्चिम रांग, अबुल फझलने जिला सह्य म्हटलं तीच, या व्याख्येत नाही. ज्या जिल्ह्यात माणसं उठता-बसता घाटाचं नाव घेतात, तो घाटांत मोडत नाही. पश्चिम घाट विकास कार्यक्रमाच्या यादीत विदर्भातला एकही जिल्हा नव्हता.

बुलढाण्याच्या कडेवरच्या जंगलाला संरक्षण मिळालं ते वेगळ्या वाटेने. खामगाव आणि बुलढाणा यांच्यामधला बोथा घाट ज्या रानातून जातो, ते ज्ञानगंगा अभयारण्य, सुमारे २०५ चौरस किलोमीटर, वन्यजीव कायद्याखाली राखलेलं. बिबटे, अस्वलं आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये तेराशेहून अधिक किलोमीटर चालत, तेलंगणातून वळसा घालून, शेतं, नाले आणि रस्ते ओलांडत याच अभयारण्यात येऊन थांबला. वनखात्याने त्याच्या गळ्यात पट्टा बांधला होता, म्हणून त्याचा मार्ग नकाशावर उमटला. त्याच्या वाटेवर पैनगंगेचं खोरं होतं, मराठवाड्याचं पठार होतं, आणि शेवटी थांबायला त्याने निवडली ती घाटाची कड, जिथे जमीन नांगरता येत नाही.